म्हाकूची झील

म्हाकू, तुझं तेरावं उरकलं त्या दुपारी वहिनींनी मला ओट्यावर बसवलं आणि तुझा आवाज मागितला. पाव्हणे जेवून पांगले होते. चुलीवरची मोठी कढई अजून उतरायची होती. त्यांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडं समद्या कॅसेटी हायत्या न्हवं? त्यातनं ह्यांचा आवाज तेवढा काढून ह्यात घाला. आण्णाचा नगं. ह्यांचा एकट्याचा." मी म्हणालो, देतो की, त्यात काय. चाळीस वर्षं माईक-स्पीकरचा धंदा केलेल्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? घरी आलो, कपाट उघडलं, आणि आपण काय कबूल करून बसलोय ते तेव्हा कळलं.

तुला हे सांगायची गरज नाही, पण हे वाचणारी दोन-चार माणसं असतील त्यांच्यासाठी सांगतो. धुळाआण्णा धनगरी ओव्या गायचा आणि तू त्याची झील धरायचास. आण्णानं कानाला हात लावून ओळ उचलायची, शेवटचा शब्द लांब ओढायचा, आणि त्याचा दम संपत आला की मागं उभा राहून तू तोच सूर धरायचा. तेवढ्यात आण्णा श्वास घ्यायचा. मग तू सोडायचास, तो घ्यायचा. झील सगळ्याच ओवीवाल्यांकडं असते, पण ती ऐकू येते. तुझी कुणाला कधी ऐकूच आली नाही. जोड कुठं आहे हे पुढं मांडी घालून बसलेल्या जाणत्या म्हाताऱ्यांनाही कळायचं नाही. म्हणून तर जतपासून फलटणपर्यंत प्रत्येक जत्रेत लोक म्हणायचे, धुळाआण्णा एका दमात गातो, त्याच्या छातीत बिरोबा बसलाय. आण्णा त्यावर नुसता मिशीत हसायचा आणि तू जमिनीकडं बघायचास.

खूण ठरलेली होती. दम संपायच्या जरा आधी आण्णा कानावरचा डावा हात हळूच खाली आणायचा, खांद्यापर्यंत. लोकांना वाटायचं, गडी रंगात आलाय. ते तुला बोलावणं असायचं. हे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. मला ठाऊक होतं कारण माईक मी लावायचो. आण्णापुढं एक, ढोलापुढं एक. तुझ्यापुढं कधीच नाही. तू आण्णाच्या पाठीमागं दीड हातावर उभा राहायचास आणि त्याच्याच माईकमधून ऐकू यायचास. वेगळा माईक दिला असता तर जोड उघडी पडली असती. हे मला सुचलं याचा मला मोठा अभिमान होता.

बाकी तू माझं कधी काही ऐकलं नाहीस. एक तरी गोष्ट आठवून सांग. डोंगरावरच्या देवळात कार्यक्रम होता तेव्हा म्हणालो, भोंगा दोघं मिळून उचलू. तू एकट्यानं डोक्यावर घेऊन निघालास, मान धरली आणि वर चार दिवस माझ्यावरच कावत बसलास. तंबाखू सोड म्हणालो की माझ्यासमोरच मळायला घ्यायचास. माझी बायको मंगल गेली तेव्हा तुला सांगितलं होतं, मला एकट्याला राहू दे, कुणी नको. तर तू रोज सकाळी मैलभर चालत यायचास, चूल पेटवायचास आणि शेळीच्या दुधाचा चहा करून पुढ्यात ठेवायचास. मला त्या दुधाचा वास सहन होत नाही हे तुला माहीत होतं. "पी गप," म्हणायचास. दीड महिना प्यालो. त्या चहानं मी उठून बसलो म्हाकू, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आण्णा जाऊन सहा वर्षं झाली आणि त्याच्यावर पिच्चर काढणारी मंडळी गावात आली. दिग्दर्शक पोरगेलासा, दाढीवाला, बोलायला गोड. तुझ्या वाड्यापुढं घोंगडं टाकून बसला. दोन दिवस त्यानं आण्णाचं खाणंपिणं, चालणं, रागावणं सगळं विचारून घेतलं. जुन्या जत्रांचं व्हिडिओ शूटिंग माझ्याकडून नेलं. आणि निघताना वहीचं पान उलटून त्यानं तुला विचारलं, "बाबा, आण्णा खरंच एका दमात गायचे?"

मी तुझ्याकडं बघितलं. आता सांगेल, म्हटलं. आता नाही तर कधीच नाही. तू उठलास, कडेला जाऊन तंबाखू थुंकून आलास, पुन्हा मांडी घातलीस आणि म्हणालास, "व्हय. एका दमात." त्यानं ते लिहून घेतलं.

त्यांची गाडी धुरळा उडवत गेली आणि मी तुझ्यावर घसरलो. "खोटं का बोललास रं?"

"खोटं कुटं? आमचा दोगांचा दम एकच हुता."

"पिच्चरमध्ये तुझं नाव आलं असतं, येड्या. लोकांना कळलं असतं."

"आण्णा हाय का आता उत्तर द्यायला? मेलेल्या मानसाच्या दमातनं आपला वाटा काढून घ्यायचा? शोभतंय का गड्या ते?"

मी आणखी काहीबाही बोललो. हट्टी आहेस, बैल आहेस, असलं. तेव्हा तू काठी घेऊन उभा राहिलास आणि शांतपणे म्हणालास, "आनि तू रं? चाळीस वर्सांत कवा माज्यापुढं माईक ठिवलास?" मी म्हणालो, आण्णानंच तसं सांगितलं होतं. "आण्णानं कदी न्हाई सांगितलं. तुजं तूच ठरवलंस," म्हणालास आणि शेळ्यांमागं चालू लागलास. ते भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं होतं, उत्तर सुचलं की बोलू.

पिच्चर लागला तो पहिल्या आठवड्यात आपण सांगलीला बघितला. आपलं गाव साताऱ्याच्या हद्दीत, बाजार सगळा सांगलीकडचा, त्यामुळं पहिला मान सांगलीचा असं तूच ठरवलंस. सकाळच्या एसटीनं विट्यावरून गेलो. तू नवा पटका बांधला होतास. थेटरात पाय ठेवायला जागा नव्हती. आटपाडीची, जतची माणसं टेम्पो करून आली होती. पडद्यावर आण्णा दिसला आणि पहिल्या रांगेतल्यांनी भंडारा उधळला. थेटरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "आवं, पडदा पिवळा व्हतोय." कुणी ऐकलं नाही. आण्णाचं काम करणाऱ्या नटाच्या मागं तीन जण धुतलेले फेटे बांधून उभे होते. ते नुसते माना हलवत होते. तेच झीलकरी. त्यांच्याकडं बघून तू मला कोपरानं ढोसलंस आणि म्हणालास, "लगनाला आल्यात जनू."

मग तो जत्रेतला प्रसंग आला. नटानं कानाला हात लावला, सूर ओढला, आणि ओढतच राहिला. माणसाच्या छातीत मावणार नाही एवढा लांब, मशिनीवर जोडून लांबवलेला. थेटरात शिट्ट्यांचा नुसता पाऊस. एक म्हातारा खुर्चीवर उभा राहून फेटा उडवत होता. आणि त्या नटानं, म्हाकू, ती खूण केली. हात कानावरून खांद्यापर्यंत आणला. माझ्याच व्हिडिओतून शिकला असणार. त्याचा अर्थ काय हे त्या बिचाऱ्याला कसं माहीत असणार? माझ्या शेजारी तुझी छाती फुगल्याचं मला कळलं. तू सूर धरलास. मी कान दिला म्हणून मला ऐकू आला, बाकी शिट्ट्यांत सगळं बुडून गेलं. परतीच्या गाडीत तुझे डोळे ओले होते. "मानलं रं लोकांनी आण्णाला," एवढंच म्हणत होतास. कोण कुठं हसला, कोणत्या बाईनं डोळ्याला पदर लावला, मागचा कोण काय बोलला, सगळं तुला पाठ होतं. तू पिच्चर कमी बघितलास आणि माणसं जास्त ऐकलीस.

तिथं थांबायला हवं होतं. पण तुझं एकच चाललं, "साताऱ्याला जाऊ. तिकडची लोकं काय करत्यात बगू." मी म्हणालो, पुरे झालं, तिकडं एवढी गर्दी नसेल. तू कसला ऐकतोस.

साताऱ्याचं थेटर गार होतं. तू घोंगडं गुडघ्यांवर ओढून बसलास. कॉलेजची पोरं-पोरी, नोकरदार जोडपी, एक रिटायर सुभेदार बायकोला घेऊन आलेले. भंडारा नाही, शिट्टी नाही. चांगली माणसं होती, मन लावून बघत होती. जत्रेचा प्रसंग आला आणि सगळं थेटर चिडीचूप झालं. कुणी खोकलंसुद्धा नाही. सूर ओढत ओढत वर गेला, आणि नटाचा हात कानावरून खाली आला.

आणि तू झील दिलीस. मोकळ्या गळ्यानं, आण्णाच्या पाठीमागं उभा राहून द्यायचास तशी.

मी आवाजाच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. पडद्यावरचा सूर आणि तुझा सूर यात जोड नव्हती. कुणालाही वेगळं काही कळलं नाही. पुढच्या रांगेतलं एकही डोकं वळलं नव्हतं. त्यांना ते पडद्यातूनच येतंय असं वाटत होतं. तुझं वय झालेलं, छातीचं दुखणं सुरू झालेलं, तरी तू त्या मशिनीच्या सुरात बरोबर जाऊन बसलास. मला अभिमान वाटायला हवा होता. मला लाज वाटली. मी तुझा दंड धरला आणि म्हणालो, "म्हाकू, गप! लोकं बघत्यात."

लोक बघत नव्हते. माझ्या आवाजानं बघायला लागले. पुढची मुलगी वळली आणि हळू म्हणाली, "आजोबा, प्लीज." मागून कुणीतरी हसलं. "पाव्हणं, घरी जाऊन गावा की," दुसरा बोलला. तू अर्ध्यावर थांबलास. चाळीस वर्षांत आण्णाला तू कधी अर्ध्यावर सोडलं नव्हतंस. वर पडद्यावर तो सूर मात्र तुझ्यावाचून चालूच राहिला, आणखी कितीतरी वेळ, आणि संपला तेव्हा सगळं थेटर उठून उभं राहिलं. सुभेदार डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. तू पण वाजवल्यास.

बाहेर चहा घेतला. तू बशीत ओतलास आणि म्हणालास, "लय दम हाय रं त्या मशिनीला." मग आपण परतीची गाडी धरली. मी माफी मागणार होतो. दहिवडीला गाडी थांबली तेव्हा शब्द तोंडापर्यंत आले होते, तेवढ्यात तू उतरून पाणी प्यायला गेलास. नंतर म्हटलं, उद्या बोलू. मग शनिवारी. वहिनी मागाहून सांगत होत्या की त्या दिवसापासून तू शेळ्यांमागं गुणगुणायचंसुद्धा बंद केलंस. "म्या विचारलं, घसा बसलाय का? तर म्हनले, न्हाई, सूर बसलाय, त्यो बसू दे."

मिरजेच्या दवाखान्यात तू नऊ दिवस होतास. फुफ्फुसं कामातून गेली, डॉक्टर म्हणाले. तुझी फुफ्फुसं. मी बाकावर बसून ते ऐकलं आणि मला हसूच आलं, खरंच सांगतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जावई दिवसभर मोबाईल बघायचा. तेव्हा सगळीकडं ते एकच चाललं होतं, पिच्चरमधला सूर लावायचा, कानाला हात लावायचा आणि एका दमात कोण किती ओढतो ते बघायचं. पोरी करत होत्या, पोलीस करत होते, महाबळेश्वरला फिरायला गेलेली मंडळी कठड्यापाशी उभी राहून करत होती. तो जावई एकामागून एक लावत होता आणि प्रत्येक वेळी तुझी बोटं चादरीवर हलत होती. बरोबर त्याच जागेला.

मी मोबाईल काढला. रेकॉर्डिंगचं बटन दाबलं आणि तुझ्या तोंडाजवळ धरला. "दे म्हाकू," म्हणालो. "आता कोन बगत न्हाई." तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. मास्कच्या आत नुसती वाफ धरली, आणि मग तू विचारलंस, "आण्णाला लोकं अजून टाळ्या वाजवत्यात का?" मी म्हणालो, लय. "मग बरं," म्हणालास आणि डोळे मिटलेस. तेही नीट रेकॉर्ड झालेलं नाही. मास्कमुळं शब्द कळत नाहीत, मशिनीची टिकटिक तेवढी स्वच्छ येते. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

आता कॅसेटींचं ऐक. सगळ्या ऐकल्या. बुरशी आलेल्या पुसून ऐकल्या. आण्णाचा हात कुठं खाली यायचा हे मला ओवीगणिक पाठ आहे. त्या जागा मी पुन्हा पुन्हा ऐकल्या, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून. इथं आण्णा संपतो, इथं तू सुरू होतोस, असं बोट ठेवता येईल अशी एक जागा सापडली नाही. तालुक्याला जाऊन एका पोराच्या कॉम्प्युटरवर पण बघितलं. तो म्हणाला, काका, हा एकच माणूस आहे. तू सगळ्या कॅसेटींत आहेस म्हाकू, आणि वहिनींना काढून द्यावा असा एकीतही नाहीस.

तरी एक तुकडा घेऊन गेलो त्यांच्याकडं. माझा अंदाज होता की ती झील आहे. म्हणालो, हा बघा, हा म्हाकू. त्यांनी मोबाईल कानाला लावला, दोनदा ऐकला आणि परत दिला. "हे आण्णा हायती, भावजी," म्हणाल्या. मी मोबाईल खिशात टाकला. "आसू द्या," म्हणाल्या, आणि मला चहा टाकला. शेळीच्या दुधाचा.

आज रविवारी बिरोबाच्या देवळापुढं तुझ्या नावानं ओव्या ठेवल्या होत्या. आण्णाचा पुतण्या बिरू गायला. पिच्चरनंतर त्याला लांबून बोलावणी येतात. मी विचारलं, झीलला कोण? तो म्हणाला, "मामा, आता झील कोन ठिवतंय? लोकास्नी येका दमात लागतंय." त्याची तरी काय चूक? तुझ्या एका 'व्हय'वर सगळा पिच्चर उभा राहिला आणि त्या पिच्चरवर ही सगळी पोरं. आता मागं उभं राहायला कुणी तयार नाही. हे तुला दिसलं असतं तर तू तरी ते 'व्हय' मागं घेतलं असतंस का? नसतंस. मला ठाऊक आहे.

मी बिरूपुढं माईक लावला. ढोलापुढं लावला. आणि तिसरा त्याच्या पाठीमागं, दीड हातावर, तुझ्या जागेवर लावला. बिरूनं वळून बघितलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं. वहिनी बायकांत बसल्या होत्या, त्यांचं लक्ष त्या माईककडंच होतं.

बिरूनं ओळ उचलली. पोराचा गळा चांगला आहे. सूर ओढला, ओढला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि पिच्चरमध्ये बघून शिकल्याप्रमाणं त्याचा हात कानावरून खांद्यापर्यंत खाली आला. मी तुझ्या माईकचं बटन पार वर नेलं. भोंग्यातून वाऱ्याची घरघर आली. लांब कुठंतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली तीही आली. बिरूचा दम तुटला, तो खोकला, वाकून गुडघ्यांना धरून उभा राहिला. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बटन खाली घेतलं नाही. ओव्या संपल्या, माणसं उठली, सतरंजी गोळा झाली, तरी तो माईक चालूच ठेवला होता. वहिनी जाताना त्याच्यापाशी थांबल्या, हात लावला आणि गेल्या.

साताऱ्यात मी तुला गप म्हणालो. एवढंच एक सांगायचं राहिलं होतं, की कुणी बघत नव्हतं रे, मीच घाबरलो. भोंगा उचलू नको म्हणालो, उचललास. तंबाखू सोड म्हणालो, सोडली नाहीस. चहा नको म्हणालो, दीड महिना पाजलास. उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, म्हाकू. मग हेच एक कसं रं ऐकलंस?